भोगावतीच्या पलीकडच्या काठानं

इथं जमलेल्या सगळ्यांना माझा नमस्कार.

महेश, सुजाता, गल्लीतल्या सगळ्या बायका, दुकानावरची मंडळी, आणि गौराक्काच्या माहेराहून, सीमेपलीकडून, सकाळची पहिली गाडी धरून आलेले तुम्ही सगळे. मागं कुणी उभं असेल तर पुढं या. सतरंजीवर जागा आहे.

मला भाषण येत नाही. मी नर्स. पस्तीस वर्षं माझं बोलणं म्हणजे ‘हात सैल सोडा’ आणि ‘पुढच्या महिन्यात बाळाला परत आणा’. त्यामुळं शब्द अडले तर थोडं थांबून घेईन. तुम्हीही थांबा. घाई कुणालाच नाही आज.

माझ्याआधी जे बोलले, त्यांनी गौराक्काचं घर सांगितलं. नवरा गेल्यावर भांड्यांचं दुकान तिनं कसं सांभाळलं, मुलाला कसं शिकवलं, लग्नकार्यात सगळ्यांच्या आधी कशी हजर असायची. सगळं खरं आहे. मी ते पुन्हा सांगत नाही. मला तिची सायकल सांगायची आहे.

इथल्या काहीजणांना वाटेल, सायकल? गौराक्का आणि सायकल? गेल्या दहा वर्षांत जे तिच्या ओळखीचे झाले, त्यांनी तिला सायकलवर कधी बघितलंच नाही. आणि ज्यांनी बघितलंय, ते कोल्हापुरातले नाहीत. ते भोगावतीच्या काठचे आहेत.

नव्वद सालानंतरची गोष्ट. फुलेवाडीच्या पुढं गौराक्काचं घर आहे, त्याच्या माडीवर मी भाड्यानं राहायला आले. माझी मुलगी मनीषा तेव्हा सहा वर्षांची. माझा नवरा मला सोडून गेला होता, हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, कारण आधीच्या दोन घरमालकांनी ते मागून कळल्यावर खोली सोडायला लावली होती. गौराक्का उंबऱ्यात उभी होती. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पोरगी दूध पिती का?” बस. एवढीच आमची ओळख.

तिच्या नवऱ्याला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. इथल्या सगळ्यांना माहीत आहे ते कसे गेले. हमरस्त्यावर, सायकलवर, मागून आलेल्या ट्रकखाली. त्या दिवसापासून गौराक्का रस्त्याच्या कडेनं चालताना भिंतीला लागून चालायची. हॉर्न वाजला की जागच्या जागी थांबायची. आम्ही बाजारात जायचो तेव्हा माझा दंड तिच्या मुठीत असायचा. घट्ट. घरी आल्यावर बोटांचे वळ दिसायचे.

माझी नेमणूक नदीकाठच्या एका उपकेंद्रात होती. तीन गावं आणि चार वाड्या माझ्याकडं. एस.टी. दिवसातून दोनदा. बाकी सगळं पायी, खांद्याला लशीची पेटी. बर्फ वितळायच्या आत पोचायचं. एकदा पोचले नाही. लस वाया गेली, बायका पोरांना घेऊन उन्हात बसून परत गेल्या आणि मला वरून कागद आला, खुलासा करा. साहेबांनी तोंडी सांगितलं की सायकल शिका, नाहीतर दुसरीकडं कुठंतरी जावं लागेल.

मी संध्याकाळी जिन्यात बसून रडले. गौराक्का खालून वर आली. मी सांगितलं. तिनं माझ्याशेजारी पायरीवर बसून ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मी शिकवते. पर डांबरी रस्त्यावर न्हाई.”

मला वाटलं माझी समजूत घालतेय. चव्वेचाळीस वर्षांची बाई, सहावारी पातळ, कपाळाला भस्म, भिंतीला धरून चालणारी. ही मला सायकल शिकवणार?

पुढच्या रविवारी पहाटे तिनं मला उठवलं. दारात लेडीज सायकल उभी होती, जुनी, हिरवी, कुणाकडून आणली माहीत नाही. ती सायकल हातात धरून आम्ही दोघी चालत निघालो. फुलेवाडीपासून बालिंग्याच्या पुलापर्यंत चालत. वाटेत एकानं विचारलं, “पंक्चर हाय काय मावशी?” ती म्हणाली, “व्हय.” पुढं आणखी एकानं विचारलं. “व्हय.” पुलावरून एक टेम्पो गेला तेव्हा ती सायकलीसकट कठड्याला चिकटली. पूल ओलांडला. डाव्या हाताला नदीच्या कडेनं एक पाणंद जायची. शेताच्या बांधांमधून जाणारी बैलगाडीची कच्ची वाट. दोन्हीकडं करंज आणि कळकीची, म्हणजे बांबूची, बेटं, मध्ये चाकोऱ्या, चाकोऱ्यांच्या मध्ये गवत. मोटार सोडाच, फटफटीसुद्धा तिकडं जात नव्हती.

तिथं ती थांबली. मागं बघितलं. पुढं बघितलं. पदर कमरेला खोचला, निऱ्या वर घेतल्या, एक पाय पायडलवर टाकला.

आणि गेली.

मी तिथंच उभी. ती वळणावरून दिसेनाशी झाली. मला आधी हसू आलं, मग भीती वाटली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ही पडली तर? नदीत गेली तर? घरी मी काय सांगू? मी पळत निघाले. आणि मग समोरून ती येताना दिसली. सायकल अशी संथ, सरळ. हँडल एका हातानं धरलेलं. दुसऱ्या हातानं डोळे पुसत होती.

तिचे वडील, तिचे अप्पा, सायकली भाड्यानं द्यायचे, तासावर. तिकडं, सीमेकडच्या गावात. तुमच्यातल्या थोरल्या माणसांना ते दुकान आठवत असेल. पंधराव्या वर्षापर्यंत गौराक्का त्या दुकानातल्या सगळ्या सायकली चालवायची, पंक्चर काढायची, चाकं सरळ करायची. लग्न ठरलं तेव्हा तिच्या अव्वानं, म्हणजे आईनं, बजावलं, सासरी ह्यातलं काही बोलायचं नाही. ती बोलली नाही. म्हणजे जवळजवळ तीस वर्षं पायडलला पाय नाही. आणि तरी ती गेली, मागं वळून न बघता.

मला शिकायला सहा रविवार लागले. मी उसाच्या सरीत पडले, करंजाच्या झाडावर गेले, एकदा म्हशीवर गेले. ती मागून ओरडायची, “चाकाकडं बघू नगंस, लांब बघ.” सातव्या रविवारी मी लांब बघितलं आणि चालवत राहिले. साहेबांचा पुढचा कागद आला नाही. माझी नोकरी, माझ्या मुलीचं शिक्षण, आज मी इथं उभी आहे ते, सगळं त्या वाटेवरनं आलंय. हे मला आज सगळ्यांसमोर सांगायचं होतं.

मग तिनं स्वतःसाठीही एक सायकल घेतली. आणि आमचे रविवार सुरू झाले.

दिवाळी झाली की नदी खाली जायची, वाट वाळायची. तेव्हापासून पाऊस तोंडावर येईपर्यंत आम्ही रविवारी सकाळी बाहेर. पुलापर्यंत सायकली हातात. लोकांना रोजचंच झालं तरी कुणी ना कुणी विचारायचंच, पंक्चर का? व्हय, पंक्चर. पूल संपला की दोघी वर. कॅरिअरला फडक्यात बांधलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी. त्या भाकरीला काही होत नाही, हापटली तरी तुकडेच होतात, खाता येतात. पाण्याची बाटली, पंप, पंक्चरचं सामान. काटा भरला की गौराक्का नदीत उतरायची, ट्यूब पाण्यात बुडवायची, बुडबुडे कुठून येतात ते बघायची. काठावर धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून बघत राहायच्या. एकजण एकदा म्हणाली होती, आमच्या मालकाची सायकल बी बघशीला का वो? बघितली की. पुढच्या रविवारी तिथं चार सायकली उभ्या.

काय होतं त्या वाटेवर? तुम्ही म्हणाल, एवढं काय होतं?

काही नव्हतं. तेच होतं. गुऱ्हाळाचा वास यायचा. पाणी उपसायच्या मोटारीची घरघर लांबून यायची आणि मागं पडायची. टिटवी. बंधाऱ्यावरून पाणी पडायचं त्याचा आवाज. समोरून बैलगाडी आली की आम्ही उतरून कडेला उभं राहायचो, गाडीवान म्हणायचा, “कुठवर?” आणि गौराक्का म्हणायची, “जाऊ तितकं.” शहरात दंड सोडत नव्हती ती बाई. तिथं मला मागं टाकून अर्धा मैल पुढं असायची. मी वळणावर पोचले की ती कुठल्यातरी उंबराखाली सायकल टेकवून बसलेली. चेहरा असा, की बाजूला बसावं, बोलू नये.

महेश, आता मी जे सांगणार आहे त्याबद्दल आधी तुला विचारायला हवं होतं. तू मान हलवलीस. बरं.

महेशला हे आवडत नव्हतं. तेव्हा तो वीस वर्षांचा, नुकता दुकानावर बसायला लागलेला. बाजारात कुणीतरी म्हणालं, तुझी आई काय सर्कशीत जाणार काय? वीस वर्षांच्या पोराला ते लागणारच. त्यात बाप सायकलवर गेलेला. हा राग होता की भीती होती, मला तेव्हा कळलं नाही. तो माडीवर आला आणि मला म्हणाला, महिनाअखेर खोली रिकामी करा. मी भांडले नाही. मला सवय होती. मी ट्रंक काढली. गौराक्का वर आली, उघडी ट्रंक बघितली, खाली गेली. जिन्यातून मला ऐकू आलं. ती मोठ्यानं बोलली नाही. ती म्हणाली, “तिचं सामान निघालं तर माझंबी निघंल. दोन्ही एकाच गाडीत घाल.”

त्यानंतर आठ दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. मग एका रविवारी पहाटे आम्ही खाली उतरलो, तर महेश अंगणात उकिडवा बसलेला. दोन्ही सायकलींच्या चेनला तेल सोडलेलं. ब्रेक आवळत होता. आमच्याकडं बघितलं नाही. म्हणाला, मागच्या चाकात हवा कमी हाय. आणि आत गेला. पूल संपल्यावर गौराक्का म्हणाली, “हात बघितलास त्याचं? माझ्या अप्पाचं हात हायत.”

त्याच्या पुढच्या वर्षी, संक्रांत झाल्यावर, आम्ही मोठा प्रवास केला. बालिंग्याच्या पुलापासून नदीच्या उलट्या अंगानं, वर, पार राधानगरीपर्यंत. डांबराला शक्य तितकं न शिवता. मनीषाला मी आईकडं ठेवलं, रजा टाकली. तीन दिवसांचा बेत. आज गाडीनं दीड तास लागतो. आम्हाला तीन दिवस लागले, आणि ते मला पुरले नाहीत. खरं सांगते, आजपण पुरलेले नाहीत.

कोगे, महे, बीड. तिथं तुळशी नदी येऊन मिळते, ती बंधाऱ्यावरून सायकली हातात धरून ओलांडली. बंधारा अरुंद, एका बाजूला तुडुंब पाणी, दुसऱ्या बाजूला खडक. मी मधेच थांबले. आणि ह्या बाईनं, रस्त्यावर भिंत सोडत नव्हती त्या बाईनं, आपली सायकल पलीकडं लावली, परत आली, माझी सायकल घेतली आणि म्हणाली, माझ्या पाठीकडं बघत ये. मी तिच्या पाठीकडं बघत गेले.

पहिल्या मुक्कामाला एका वाडीत पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. दारात एक म्हातारी शेण भरत होती. हौसाबाई तिचं नाव. आम्हाला बघून म्हणाली, “पावणं, मतदार यादीवाल्या का पोलिओवाल्या?”

मी पोलिओवालीच होते, पण रजेवर. गौराक्का म्हणाली, “नदी बघाय निघालोय.”

“का? तुमच्याकडं नदी न्हाय?”

“हाय की. पर तिच्या कडंनं रस्ता हाय.”

हौसाबाईला ते पटलं असावं. तिनं पुढं काही विचारलं नाही. पडवी झाडून दिली, घोंगडी दिली, धारोष्ण दूध दिलं. तिच्या सुनेचं पाच महिन्यांचं बाळ होतं, लस चुकलेलं. मी तिथंच चिठ्ठी लिहून दिली, कुठल्या केंद्रावर जायचं ती. सकाळी निघताना हौसाबाई वाडीच्या टोकापर्यंत आली. गौराक्काच्या सायकलच्या सीटवर हात ठेवून म्हणाली, मला बसवता काय हिच्यावर, जरा? सत्तरीची बाई. आम्ही दोघींनी दोन्हीकडून धरून तिला बसवलं, पाणंदीनं शंभर पावलं नेलं. ती हसत नव्हती. गंभीर चेहऱ्यानं समोर बघत होती. उतरली आणि म्हणाली, “झालं. जावा आता.”

पुढं राशिवडे, तारळे. नदी लहान होत गेली. डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ आले. ऊस कमी झाला, भाताची रिकामी खाचरं आली. दुसऱ्या दिवशी चार तास आम्हाला एकही चाक भेटलं नाही. नुसत्या आमच्या दोन सायकलींचा आवाज. उतारावर पायडल थांबवलं की चाकाची ती टिकटिक. मला वाटायचं, ही वाट अशीच असू दे, संपू नये. असं मला आयुष्यात दुसऱ्या कशाबद्दल वाटलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी धरणाच्या खालच्या अंगाला पोचलो. पुढं सायकल जाण्यासारखी वाट नव्हती. आम्ही पाण्यात पाय सोडून बसलो. पाणी इतकं गार की पोटऱ्या बधिर झाल्या. आणि तिथं गौराक्का बोलली. महेश, हे तुला माहीत नसावं. तुला सांगू नको असं ती कधी म्हणाली नव्हती. मीच आजवर सांगितलं नाही. आज सांगते.

ती म्हणाली, “अठ्ठावीस वरसं संसार केला. ह्यास्नी कधी कळलं न्हाई मला सायकल येतिया ते.”

ती सांगत राहिली. रोज सकाळी ती त्यांची सायकल पुसायची. हँडल, सीट, मडगार्ड. ते निघाले की दारात उभी राहून कोपऱ्यापर्यंत बघायची. कितीदा तोंडाशी आलं होतं. मग वाटायचं, आज नको. पोरगा लहान आहे, आज नको. सासूबाई आहेत, आज नको. मग सासूबाई गेल्या, पोरगा मोठा झाला, आणि आता काय सांगायचं इतक्या वर्षांनी, म्हणून नको.

मी विचारलं, ते नको म्हणाले असते का?

ती माझ्याकडं वळली. म्हणाली, “न्हाई गं शालू. त्येच तर. हसलं असतं. मला म्होरं घालून गल्लीभर हिंडलं असतं. त्यो माणूस नको म्हणणाराच नव्हता. मीच इचारलं न्हाई.”

थोड्या वेळानं म्हणाली, “मला त्येंच्यासंगं एकडाव ह्या वाटंनं यायचं हुतं.”

मी तुम्हाला सांगते, मी नर्स आहे, मी माणसं जाताना बघितलीत, रडणारी माणसं बघितलीत. पण त्या पाण्याकडं बघत ती जे म्हणाली, तसं मी कुठं ऐकलं नाही. ती रडली नाही. नुसती बघत होती, जणू ते पलीकडच्या काठानं येणार आहेत.

परत येताना सायकली एस.टी.च्या टपावर टाकल्या. ती डोळे मिटून बसली. फुलेवाडी आल्यावर उघडले.

त्यानंतर तीन वर्षं आमचे रविवार चालले. मग मला बढती मिळाली आणि बदली झाली, चंदगडला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. मनीषाला घेऊन मी गेले. तेव्हा फोन होते, पण गौराक्काला फोनवर बोलणं जमायचं नाही. ती पोस्टकार्ड टाकायची. दिवाळीनंतर दरवर्षी एक. त्यावर दोनच ओळी. ‘वाट वाळली. ये.’

पहिल्या वर्षी मी गेले. दुसऱ्या वर्षी गेले. तिसऱ्या वर्षी मनीषाची दहावी होती. चौथ्या वर्षी मोहीम होती, रजा मिळाली नाही. पाचव्या वर्षी काय होतं, आता मला आठवतसुद्धा नाही. काहीतरी होतं. दरवेळी मी उत्तर लिहायची की पुढच्या वर्षी नक्की. आणि दरवर्षी तिचं कार्ड यायचं, तक्रार नाही, रुसवा नाही, त्याच दोन ओळी. एकटी ती जात नव्हती. हे मला नंतर सून होऊन घरात आलेल्या सुजातानं सांगितलं. सुजाता, तू म्हणालीस की दिवाळीनंतर आत्या दोन्ही सायकलींत हवा भरून ठेवायच्या. दोन्ही.

मंडळी, मला हे तुमच्यासमोर बोलायचंय, कारण दुसरं कुणाकडं बोलू? जी माणसं हाक मारतात, ती कायम हाक मारत राहतील असं आपण धरून चालतो. मी धरून चालले.

मी परत कोल्हापुरात आले तेव्हा दोन हजार सालही मागं पडलं होतं. ती साठीला आलेली, गुडघे दुखायला लागलेले. मी दारात पाय ठेवल्याबरोबर म्हणाली, रविवारी जायाचं. आम्ही गेलो. पुलापर्यंत सायकली हातात, तसंच. ह्या वेळी कुणी पंक्चर झालं का विचारलं नाही. सगळे गाड्यांवर होते, कुणाला वेळ नव्हता.

पूल संपला आणि आम्ही वळलो. पाणंद नव्हती. रुंद काळा रस्ता होता. करंज गेले होते, कळकीची बेटं गेली होती. मी कुणाला दोष देत नाही. काठच्या गावांना रस्ता पाहिजेच होता. बाळंतपणाच्या बायका मी स्वतः बैलगाडीतून आणल्यात, मला विचारा रस्ता का लागतो ते. गावाचं भलं झालं. पण आमचं काहीतरी गेलं, तेही खरं आहे.

ती म्हणाली, बघूया जरा. दोघी सायकलवर बसलो. अर्धा मैलही गेलो नसू. मागून उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या, टेप मोठ्यानं लावलेला, हॉर्न. मी कडेला घेतलं. मागं बघितलं, तर गौराक्का सायकल टाकून चरीत उतरून उभी. दोन्ही हात छातीशी. मी जाऊन तिला धरलं. ट्रॅक्टर लांब गेला, धूळ खाली बसली. ती म्हणाली, “पुरे शालू. फिरूया माघारी.”

मी म्हणायला पाहिजे होतं की दुसरी वाट शोधू. कुंभीच्या काठानं बघू, कासारीच्या काठानं बघू, कुठंतरी असेल. ह्या जिल्ह्यात काय नद्या कमी आहेत? मी तसं म्हटलं नाही. मी दमले होते. मला वाटलं, झालं आता, वय झालं. दोघी चालत परत आलो. ती परत कधी सायकलवर बसली नाही.

गेल्या वर्षी तिनं अंथरूण धरलं. हृदय थकलं होतं, औषधांनी जेवढं व्हायचं तेवढं झालं. शेवटचे दोन महिने मी रोज संध्याकाळी जात होते. नाडी बघायची, पाय चेपायचे. महेशनं आणि सुजातानं जी सेवा केली ती मी डोळ्यांनी बघितली आहे. असं घर सगळ्यांना मिळो.

मागच्या सोमवारी मी गेले तेव्हा ती जागी होती. आवाज अगदी बारीक झाला होता. मला म्हणाली, सांग की. मी म्हटलं, काय सांगू? म्हणाली, “कुठनं कुठनं गेलतो आपण?”

मग मी तिचा हात हातात घेऊन गावं सांगायला लागले. बालिंगा. कोगे. महे. बीड. बंधारा. हौसाबाईची वाडी. राशिवडे. तारळे. एकेक नाव, सावकाश. तिचे डोळे मिटले होते. मला वाटलं झोप लागली. मी राधानगरी म्हटलं आणि थांबले.

तिनं डोळे न उघडता म्हटलं, “मधी एक सोडलंस की. तळेवाडी.”

तळेवाडी. मी खूप आठवून बघितलं. मला काही आठवेना. आजही आठवत नाही. तिथं थांबलो होतो का? तिथं कुणी भेटलं होतं का? पाणी प्यायलो होतो, झाड होतं, काय होतं? मी विचारलं तिला. अक्का, काय होतं तळेवाडीत? ती हसली, म्हणजे ओठ हलले. सांगितलं नाही. मग खरंच झोप लागली. तळेवाडी, हा ती माझ्याशी बोललेला शेवटचा शब्द. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली, शिवैक्य झाली.

तेव्हापासून मी रोज त्या नावापाशी येऊन थांबते. त्याच वाटेनं, त्याच दिवशी, मी तिच्या मागंच होते. आणि तिनं तिथं काहीतरी बघितलं, जे तिनं इतकी वर्षं जपलं, आणि मी त्याच्या बाजूनं निघून गेले. आता विचारायला कुणी नाही.

आता मी तुम्हाला सगळ्यांना उभं राहायची विनंती करते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसूनच राहावं, ती काही म्हणणार नाही. दोन मिनिटं शांत राहूया. तुमच्या मनात जी गौराक्का असेल, तिला आठवा. मी माझ्या मनात ती वाट पहिल्यापासून जाणार आहे, पुलापासून. ह्या वेळी सावकाश.

अक्का, तुमच्या घरात नमस्कार करताना म्हणतात तसंच म्हणते. शरणार्थ.